फट

डॉक्टर मंजिरी टिपणीस कागदावर
दोन उभ्या रेघा काढतात, शेजारी शेजारी.
ही मधली भिंत, हे बाजूचं हाड,
दोन्ही आत्ता सोललेल्या.
एकमेकींना टेकल्या की धरतील,
धरल्या की वाट बंद.
मग पुन्हा मी, पुन्हा तुम्ही, पुन्हा भूल.

जन्मभर ऐकलं होतं, जखम मिळून यावी.
आई हळद दाबून दोन दिवसांनी बघायची,
म्हणायची, आली बघ मिळून.
आणि इथं नेरुळात, एसीच्या गारठ्यात,
मिळून येणं हाच आजार.

मी तुर्भ्याच्या मसाला मार्केटात मिरचीचा पारखी.
सव्वीस वर्षं गोणीत टोचणी घालायची,
बाहेर काढून नाकाशी धरायची आणि सांगायचं:
ही ब्याडगी,
ही ब्याडगीच्या नावानं आलेली गुंटूर,
ही गोदामात भिजून पुन्हा वाळवलेली.
मागल्या दिवाळीपासून नुसती शिंक येते,
बातमी येत नाही.
हिरजीभाई काही बोलत नाहीत.
फक्त माझ्यानंतर पोराला एकदा हुंगायला लावतात.

दिवसातून चार वेळा
उकळून निवलेलं पाणी, पुडीतलं मीठ, पिळायची बाटली.
मोरीत वाकायचं, तोंड उघडं,
एका नाकपुडीतून घालायचं, दुसरीतून येऊ द्यायचं.
खपल्या येतात, रक्ताचा बारीक दोरा,
एकदा सुपारीच्या खांडाएवढं काळं काहीतरी,
ते बघून नलू त्या रात्री जेवलीच नाही.
मग पलंगाच्या कडेवरून डोकं खाली सोडून
औषधाचे थेंब.
खाली म्हणजे पार खाली, हनुवटी छताकडे.
बाटली उघडताना नलू तोंड फिरवते,
आणि मोजते. पाच डाव्या, पाच उजव्या.
पाच मिनिटं हलायचं नाही.

उलटं बघितलं की घर दुसऱ्याचंच वाटतं.
वडिलांना माथाडीत मिळालेलं, कोपरखैरण्यातलं,
पाठीला पाठ, भिंतीला भिंत,
वर आम्हीच चढवलेले दोन मजले.
मागची बोळ कोंढाळकरांनी बुजवली,
पुढची आम्ही.
आता त्यांचा मिक्सर लागला
की आमच्या कपाटाचा आरसा थरथरतो.
तेव्हा दोन्ही घरांनी पेढे वाटले होते.

थेंब घशात उतरतात,
पाण्यात खडू कालवल्यासारखे.
दुखत तर नाही आता, श्वासही येतो,
मग एकदा मारली दांडी.
पुतण्याचा साखरपुडा, वाईला, दोन दिवस.
बाटली फ्रीजवरच राहिली
असं मी नलूला सांगितलं.

बाईंनी दुर्बीण घातली आणि बोलायच्या थांबल्या.
मग म्हणाल्या, एक धागा धरलाय इथं,
कोळ्याच्या जाळ्याएवढा.
तो तोडला. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी,
कानात आवाज, पतंगाचा कागद फाटावा तसा.
तिथंच औषधात भिजवलेला बारीक बोळा ठेवला,
दोन भिंतींच्या मधोमध,
नळावरच्या भांडणात
मधे जाऊन उभी राहते ना एखादी मावशी, तसा.

आता चुकवायचं नाही.
किती दिवस?
दोघींना आपापली कातडी येईपर्यंत.

आपापली कातडी.
बसमध्ये हेच घोळवत बसलो, वाशी डेपो गेला तरी.
शेजारचा माणूस सरकून बसला.
मीही थोडा सरकलो.

सातवा आठवडा. डोकं लटकलेलं,
बाहेर कोंढाळकरांचा मिक्सर,
डाव्या बाजूचा तिसरा थेंब
आणि काहीतरी आलं.
मिरची नव्हे. मिरचीचा पत्ता नाही अजून.
मांडवामागे टाकून दिलेल्या
कालच्या हारांसारखं काहीतरी,
आलं आणि गेलं.

"ह्या औषधाला गुलाबाचा वास आहे?"

"पहिल्या दिवसापासून," नलू म्हणाली.
"हलू नका. चार."